अगदी घरच्यासारखे, म्हणून अपात्र

आमच्या बाथरूममध्ये गुडघ्याएवढ्या उंचीवर एक बेसिन आहे. पाहुणे हात धुवायला जातात, बराच वेळ बाहेर येत नाहीत आणि आले की माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. एकदा ह्यांच्या आतेबहिणीनं हळूच विचारलंसुद्धा, "वहिनी, कंबर फारच दुखते का गं हल्ली?" म्हटलं, नाही, ते सरकारी नियमानुसार आहे. नियम क्रमांक अकरा. त्यावर त्यांनी विषय बदलला. सरकारचा माझ्या बाथरूमशी काय संबंध, हे विचारायचं धाडस अजून कोणाला झालेलं नाही, म्हणून आता मीच सांगते.

आमच्या खाली एक मुलगी राहते. मी मुलगी म्हणते खरी, पण ती एका लेकीची आई आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करते. नवरा ट्रकवर. वीस दिवस रस्त्यावर, दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. लेक दीड वर्षाची, गोल, घट्ट आणि कुठेही निसटून जाणारी, म्हणून तिचं नाव पडलं बटण. मी घरी शिवणकाम करते, पडदे आणि शाळेचे गणवेश. बटण निम्मा दिवस माझ्या मशीनखाली बसून कापडाचे तुकडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरत असायची. हा कारभार छान चालला होता. कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. म्हणूनच छान चालला होता.

एक दिवस ती खालची वर आली आणि दारातच उभी राहिली. एरवी ती दारात उभी राहत नाही, सरळ ओट्यापाशी येते.

"काकू, मला कायम करतायत."

"अगं मग तोंड का पाडून आलीस?"

"सकाळी सातची पाळी. आणि मूल कोण सांभाळणार त्याचा कागद आणायचाय. मागच्या महिन्यात चार खाडे झाले ना माझे. एक तारखेपर्यंत कागद नाही आणला तर मुकादमबाई जागा दुसरीला देणार."

"त्यात काय, मी आहे की. लिहून देते."

"फुकट नाही ठेवणार मी पूर्ण दिवस."

"मी मागितलंय का काही?"

"तेच तर. तुम्ही मागत नाही, मग उशीर झाला की मला जिना चढवत नाही."

तिच्या हातात एक घडीपत्रक होतं. कमी कमाईच्या नोकरदार आईबापांचं मूल कोणी सांभाळलं, तर त्या सांभाळणारीला सरकार दरमहा पैसे देतं, बाकी थोडे आईबापांनी घालायचे. अट एकच, सांभाळणारीची नोंदणी हवी. नोंदणी झाली की कागदही मिळतो. मी मनात हिशोब केला की गणवेशांची कामं सोडावी लागतील, तर हे बरंच आहे. अट एकच आहे असं मला त्या दिवशी वाटलं होतं, हेही नमूद करून ठेवते.

फॉर्म चौदा पानांचा निघाला. आमचे हे छत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. घरात चौदा पानांचा फॉर्म आला म्हटल्यावर त्यांच्या अंगात जे चैतन्य संचारलं, ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. चष्मा पुसला, टेबल पुसलं, मला पेनं आणायला लावली, एक निळं, एक काळं.

"आधी सूचना वाचा," मी म्हटलं.

"सूचना कोणी वाचत नसतं. छत्तीस वर्षं सूचना आम्हीच लिहायचो. मला माहितीये त्यात काय असतं."

असं म्हणून त्यांनी तिसरं पान उलटलं.

पहिला दाखला डॉक्टरांचा हवा होता, की मी मूल उचलायला समर्थ आहे. सरकारी दवाखान्यात दीड तास बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "मूल उचलता येतं?" म्हटलं, येतं. "दाखवा." मूल मी बरोबर आणलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी औषधांच्या खोक्याकडे बोट केलं. मी खोकं उचललं, अगदी हसतमुखानं. "आता तिकडे कोपऱ्यात ठेवा. हं, आणि ते दुसरंही." असं करत मी सहा खोकी हलवली. दाखला मिळाला. जिना उतरताना लक्षात आलं की त्यांच्या खोलीची आवराआवर चालली होती.

दुसरा दाखला ह्यांच्या चारित्र्याचा. घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ पुरुषाचा तो लागतो. पोलीस चौकीत हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले, जणू मुलाखतच. हवालदारानं विचारलं, "ह्यांच्याविरुद्ध काही तक्रार?" मी तोंड उघडलं.

"तुम्हाला नाही विचारलं बाई. रजिस्टर बघतोय मी."

रजिस्टरमध्ये काही नव्हतं. रजिस्टरात काय असणार? माझ्याकडे आलं असतं तर दोन पानं भरून दिली असती.

मग घराची पाळी आली. विजेच्या सगळ्या भोकांना झाकणं. सगळे कोपरे मऊ. ह्यांनी दुकानातून फोमचा अखंड गुंडाळा आणला आणि टेबल, कपाट, पलंग, टीव्ही, शिवणयंत्र असं जे जे चौकोनी दिसलं ते ते गुंडाळलं. दोन दिवसांत घर असं दिसायला लागलं, की आम्ही सामान बांधून कुठेतरी निघालोय आणि ट्रक येत नाहीये. समोरच्या वहिनी रोज दोनदा डोकावून सल्ला देऊन जात. "रंग पिवळा द्या. पिवळ्यानं मुलं हसतात." दुसऱ्या दिवशी, "पिवळा नको, भडकतात."

आणि तो नियम अकरा. मुलाच्या उंचीचं बेसिन. प्लंबर आला आणि माप घ्यायला मूल मागू लागला. बटण नुकतीच झोपली होती. तिला उठवण्यापेक्षा प्लंबरच्या पाया पडणं सोपं. शेवटी ह्यांना गुडघ्यांवर बसवलं, मान खाली घालायला लावली आणि "एवढी असेल साधारण" म्हणून माप घेतलं. बेसिन बसलं. नळाची धार मात्र अशी तिरपी, की मूल हात धुतं आणि शेजारी उभ्या मोठ्या माणसाची आंघोळ होते. प्लंबर म्हणाला, "सवय होईल." ती अजून झालेली नाही.

एवढं झाल्यावर तपासणीच्या बाई आल्या. चाळिशीच्या, बारीक, खांद्याला जड पिशवी, पायात दिवसभर चालून वाकडे झालेले सँडल. त्यांनी बेसिन पाहिलं, झाकणं मोजली, फोम दाबून पाहिला. बटणनं त्यांच्या पिशवीतून शिक्का काढून माझ्या डब्यात टाकला, तोही त्यांनी शांतपणे परत घेतला. मला वाटलं, जिंकलो. मग त्या म्हणाल्या, "शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलते," आणि बाहेर पडल्या.

मी दाराआड उभी राहून ऐकलं. हे काही चांगलं लक्षण नव्हे, पण चारित्र्याचा दाखला फक्त पुरुषांचा लागतो.

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "ह्या दोघी ना? अहो, घर वेगळं आहे हे आम्हीच विसरलोय. खालचं दार कधी लावलेलं बघितलं नाही मी."

शेजारचे मास्तर, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "रक्ताच्या नात्याहून सख्खं नातं आहे, बाई. ती त्यांची लेकच समजा. एकाच ताटातली माणसं."

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काय सांगितलं, ते नंतर त्यानंच मला अभिमानानं ऐकवलं, "सामान एकाच पिशवीत जातं. कोणाचं काय, ते त्यांनाही माहीत नसेल."

माझे डोळे भरून आले. इतकं चांगलं बोलणं माणसाच्या वाट्याला सहसा तो गेल्यावर येतं. मी संध्याकाळी वहिनींना माझ्याकडचं उरलेलं पडद्याचं कापड देऊन टाकलं.

आठव्या दिवशी पत्र आलं. "चौकशीअंती अर्जदार व सांभाळणारी व्यक्ती यांचे एकत्र कुटुंब असल्याचे निष्पन्न झाले आहे. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या पतीचे निवृत्तिवेतन कौटुंबिक उत्पन्नात धरता अर्जदार सदर मदतीस अपात्र ठरतात."

आपलं पेन्शन कोणाच्या तरी दृष्टीनं जास्त आहे, हे ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

खालची जिन्याच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा चोळत होती, इस्त्रीनं भाजलेला.

"नऊ दिवस आहेत अजून," मी म्हटलं.

"कशाला काकू. राहू द्या. जाईल ती जागा. चादरी तर तेवढ्याच इस्त्री करायच्यात, कायम असो नाहीतर नसो."

मी वर आले आणि चप्पल घातली.

कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर एक तरुण बसला होता. त्यानं पत्र पाहिलं आणि म्हणाला, "आजी, नातं नाही असं सिद्ध करा."

मी बावन्न वर्षांची आहे. पण काम माझं अडलं होतं, म्हणून गिळलं.

"नातं नसल्याचा दाखला कुठे मिळतो?"

"नसलेल्या गोष्टीचा दाखला नसतो, आजी."

"मग करायचं काय?"

"फेरतपासणीचा अर्ज टाका. मॅडम परत येतील. त्यांना दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "की तुमचं आपसात काही नाही. थोडी वादावादी वगैरे. समजलात ना."

समजले. त्या संध्याकाळी आमच्या फोमनं गुंडाळलेल्या टेबलाभोवती बैठक बसली. ज्यांनी ज्यांनी कौतुक करून घात केला होता ते सगळे आता पश्चात्तापानं मदतीला आले होते. मास्तरांनी भांडण लिहून आणलं. सुवाच्य अक्षरात, परिच्छेद पाडून. खालचीचं पहिलं वाक्य होतं, "आपल्या या वर्तनाचा मी तीव्र निषेध करते."

"मास्तर, इस्त्रीवाली बाई असं भांडते का?" वहिनी म्हणाल्या. "आधी भांडं आपटायचं. मग वर न बघता बोलायचं. मग एकदम वर बघायचं. माझ्या सासूबाईंचं बघितलं असतंत तर लिहायची गरज नव्हती."

"भांडणालाही भाषा असावी," मास्तर म्हणाले आणि दुखावले गेले.

तीन दिवस तालीम झाली. ती दरवेळी "तीव्र" म्हणताना हसायची, ती हसली की मी हसायचे, आणि बटण दोघींकडे बघून टाळ्या वाजवायची. हे खुर्चीवर बसून वेळ लावत. त्यांच्या मते भांडण सात मिनिटांपेक्षा लांबलं तर संशय येतो.

तपासणीच्या बाई आल्या त्या दिवशी खालची कामावरून तशीच धावत आली होती. बाई बसल्या, फाईल उघडली. बटण दारात पातेल्याच्या झाकणाशी खेळत होती. मी ठरल्याप्रमाणे भांडं आपटलं. जरा लवकरच आपटलं गेलं.

"आपल्या या वर्तनाचा मी..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं आठवेना.

"तीव्र निषेध," मी हळूच सांगितलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दाराबाहेर मास्तरांचा सुस्कारा ऐकू आला. आता काहीतरी खरं बोलल्याशिवाय निभावणार नव्हतं, म्हणून जे पहिलं सुचलं ते बोलले. "तू तिला दुधात साखर घालतेस. दात किडतील तिचे."

"एक चमचा घालते."

"दीड."

"आणि तुम्ही तिची नखं मला न विचारता कापलीत."

हे मास्तरांच्या कागदात नव्हतं.

"वाढली होती. ओरखडत होती स्वतःला."

"मी रविवारी कापणार होते. सांगितलं होतं ना मी? मला आठवड्यात तो एक दिवस मिळतो, काकू. त्यात नखं तरी राहू द्या माझ्यासाठी."

मला एकदम लागलं. आपण ज्याच्यासाठी चौदा पानं भरली, सहा खोकी उचलली, त्याच्याकडून नखांचा जाब. "रविवार, रविवार. सगळं तुझ्या रविवारसाठी राखून ठेवायचं का? पोर थांबते का रविवारपर्यंत? चालायलासुद्धा ती..."

मी जीभ चावली. उशीर झाला होता.

"चालायलासुद्धा काय?"

बाईंचं पेन थांबलं होतं. बटणच्या हातातलं झाकणसुद्धा नेमकं तेव्हाच गप्प झालं.

"सहा महिन्यांपूर्वी एका बुधवारी चालली ती," मी म्हटलं. "दारापासून माझ्या मशीनपर्यंत. चार पावलं. आणि तू त्या रविवारी वर नाचत आलीस, काकू चालली, पहिलं पाऊल माझ्यासमोर टाकलं म्हणून. मग मी काय म्हणणार होते? हो म्हटलं."

तिचं तोंड बघवेना, म्हणून मी भांड्याला पडलेला पोचा बघत राहिले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्यांदा चालणारं मूल पडतं, काकू. ही चालत गेली, वळली, बाहुली उचलली आणि परत आली. मला काय कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं जीव लावून खोटं बोलत होतात. मोडवेना."

ती पदर नसताना पदर शोधल्यासारखा ओढणीचा कोपरा शोधत होती आणि मी उगाचच पोचा पुसत होते, जणू पुसून जाणार होता.

"झालं?" तपासणीच्या बाईंनी विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझा मुलगा नक्की कोणत्या दिवशी चालला, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. असो. विजेची मीटरं किती आहेत?"

"दोन," मी म्हटलं. "एक आमचं, एक खाली हिचं."

"मग दोन कुटुंबं. पान तीन, सूचना सात. स्वतंत्र मीटर असेल तर स्वतंत्र कुटुंब. बिलाची प्रत जोडा, संपलं."

"पण मग मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी मी विचारलं होतं. मीटर वेगळं आहे का म्हणून. तर साहेब म्हणाले," त्यांनी फाईलमधून वाचून दाखवलं, "'आमच्यात वेगळं असं काही नाही हो, सगळं एकच समजा.'"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं सूचना लिहिलेला माणूस खुर्चीच्या हाताचा फोम लक्षपूर्वक दाबत होता.

"मी सौजन्य म्हणून बोललो," ते म्हणाले.

दोन बिलांच्या प्रती गेल्या, एक तारखेच्या दोन दिवस आधी कागद आला. खालचीनं तो चादरीसारखा घडी घालून नेला आणि कायम होऊन परत आली. त्या दिवशी ती दारात थांबली नाही.

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण मंजुरीबरोबर एक जाड वही आली. रोज भरायची. मूल कधी आलं, कधी गेलं, काय खाल्लं, किती झोपलं. आणि शेवटी बोटभर रुंदीचा एक रकाना: आज मुलाने नवीन काय केले. त्याच्यापुढे, पालकांनी वाचून सही करावी.

पहिल्या आठवड्यात त्या रकान्यात लिहायला काही नव्हतं, त्यामुळे अडचण आली नाही. गुरुवारी बटणनं उडी मारली. मी पेन घेऊन वहीपुढे बसले. सरकारला खोटं लिहायचं की तिला खरं, ह्यावर मी दुपारभर विचार केला. शेवटी लिहिलं, "विशेष काही नाही."

संध्याकाळी ती आली, वही उघडली आणि सही न करता पेन परत माझ्या हातात दिलं.

"बटण जिन्यात टुणटुण करतेय मघापासून. पायरीवर पायरी. खरं लिहा, काकू."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल. मग वाचून बरंही वाटेल. तुम्ही लिहा तर."

मग मी लिहिलं. "आज सकाळी अकरा वाजता दोन्ही पाय उचलून उडी मारली. आधी तीन वेळा गुडघे वाकवले आणि तिन्ही वेळा बेत रद्द केला. चौथ्यांदा उडाली. खाली आल्यावर दचकली आणि आपल्याला कोणी ढकललं ते बघायला मागे वळली. मागे कोणी नव्हतं. मग फार खूश झाली."

रकाना 'दोन्ही पाय'पाशीच संपला होता. बाकीचं समासात गेलं, वळून वरच्या बाजूला गेलं. ती उभ्याउभ्या वाचत होती, अंगठ्यानं एकेक शब्द धरून, वही फिरवत फिरवत. 'बेत रद्द केला' पाशी हसली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि मगच सही केली.

तेव्हापासून रोज असंच. समास पुरेनासे झाले तेव्हा मी गणवेशांच्या मापांचे जुने कागद कापून पानांना चिकटवायला सुरुवात केली. महिनाअखेरीला तपासणीच्या बाई वही बघायला आल्या. दहा मिनिटांचं काम, पण पाऊण तास बसल्या, चहा गार झाला. जाताना त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: "मजकूर फार होतो. कृपया थोडक्यात लिहावे."

त्याखाली मी निळ्या शाईनं लिहिलं, "जमत नाही."

आणि त्याखाली पालकाची सही आहे.